हंसातली चमक आणि मेडशीची सडक

अन्याय झाला तो आमच्या विज्ञानाच्या सरांवर. आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला, मेडशीकडे जाणाऱ्या सडकेवर. करणारे तीन-चार जण होते आणि बघणारं अर्धं गाव. नावं मी घेणार नाही. सरांचं नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. बाकीच्यांची नाही, कारण ज्याला स्वतःची ओळख पटायची त्याला ती नावावाचून पटेल.

हे पत्रकासारखं वाटतंय, मला कळतं. मला लिहायला पत्रकांनीच शिकवलं. सायक्लोस्टाइलच्या शाईनं बोटं काळी करत आम्ही पत्रकं काढली, आणि पत्रकात पहिल्या ओळीत सांगावं लागतं: कोणावर, कधी, कुठं. ते सांगून झालं. आता जरा सावकाश सांगते, कारण पुढची गोष्ट घाईनं सांगितली तर खोटी होईल. एकदा ती तशी होता होता वाचली आहे.

सर धनज गावचे. घरातले पहिले पदवीधर, अमरावतीला राहून बी.एस्सी. झालेले. बौद्ध. हेही लिहायलाच हवं, पुढं त्याचं काम आहे. आमच्या शाळेत त्यांची नेमणूक कच्ची होती, कायम व्हायला काही महिने उरले होते. उंच, किडकिडीत, बोलणं हळू. एक खोड अशी की उत्तर येत नसलं तर "उद्या सांगतो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायचे. आमच्या शाळेत हे नवीन होतं. बाकीच्यांना उत्तर येत नसलं की आम्हाला अंगठे धरून उभं राहावं लागे.

त्या वर्षी मी दहावीत होते. सरांना नागपूरच्या कोणा मित्राकडून विज्ञानाच्या मासिकाचे जुने अंक पोस्टानं यायचे. एक दिवस त्यातला एक अंक हातात घेऊन सर वर्गात आले आणि पुस्तकातला धडा बाजूला ठेवून म्हणाले, "आज एका न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल."

मागच्या बाकावरून एक जण बोललाच, "सर, ते तर आमच्या घरी लय आहे. घासलेट."

वर्ग हसला. सरही हसले. मग सांगायला लागले. दिवेलागणीला पश्चिमेकडं हंस नावाचा तारकासमूह दिसतो. त्यातल्या एका मोठ्या निळ्या ताऱ्याला एक जोडीदार आहे. तो दिसत नाही. पण तो त्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. वायू सरळ आत पडत नाही, गरगर फिरत त्याच्याभोवती एक तबकडी तयार होते. फिरता फिरता वायूवर वायू घासतो, भयंकर तापतो, आणि त्यातून क्ष-किरण निघतात. आपल्या डोक्यावरची हवा ते अडवते, म्हणून उपग्रह वर पाठवून ते बघावे लागले. आणि जे बघितलं त्यात नवल असं की तो उजेड एकसारखा नाही. लुकलुकतो. वाढतो, उतरतो, कशालाच धरबंद नाही.

"काहून सर?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

सर आम्हाला शाळेमागच्या सिमेंटच्या हौदाजवळ घेऊन गेले. पाण्यावर पसाभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकलं आणि खालचं बूच काढलं. थोड्या वेळात मधे भोवरा झाला. कडेचं कुटार रमतगमत फिरत होतं, मधलं सुसाट. आणि ते एकसारखं जात नव्हतं. काड्या एकमेकींत अडकायच्या, झुबका व्हायचा, मग तो झुबका एकदम गडप.

"भोक दिसतं का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग ते आहे हे कशावरून?"

"कुटार फिरून राह्यलं ना सर!"

"बस. तिथंही तेच. झुबका आत जाताना तापतो, चमकतो, विझतो. मग दुसरा. म्हणून लुकलुक."

मी तेव्हाही तोंडाळ होते. मी विचारलं, "सर, तो दिसतच नाही म्हणता. मग तो लहान आहे हे कायवरून? मोठाच असन अन् काळा असन."

सरांनी बूच परत बसवलं. ओले हात पँटला पुसले. आणि म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. मला उत्तर माहीत आहे, पण तुला दिसेल असं आज सांगता येत नाही. उद्या सांगतो."

उद्या म्हणजे बाजाराचा दिवस.

मधल्या सुट्टीनंतर सर आम्हाला घेऊन सडकेवर आले. शाळेचं पटांगण पुरणार नव्हतं, त्यांना लांब जागा हवी होती. सडकेच्या एका अंगाला तुरी उभ्या, दुसऱ्या अंगाला वेचलेलं कपाशीचं वावर. कोपऱ्यावर एका जैन काकांचं किराणाचं दुकान, शाळेचे खडू तिथूनच यायचे. बाजाराला आलेल्या बैलगाड्या सडकेच्या कडेनं सोडलेल्या.

आधी सरांनी आम्हाला निंबाखाली दाटीवाटीनं उभं केलं. "मी हात खाली केला की सगळ्यांनी 'चमक' म्हणायचं आणि एक हात वर करायचा."

हात खाली आला. चमक! असा एकच कडाका उठला. काकांच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"आता पसरा."

आम्ही सडकेच्या कडेनं एकामागं एक उभे राहिलो, एकमेकांची हाक ऐकू जाईल इतक्या अंतरानं. ओळ दुकानापासून निघून पार आंब्याच्या झाडापर्यंत गेली. सर कपाशीच्या वावरात लांब जाऊन उभे राहिले. नियम एकच: आधीच्याचं ऐकू आलं की आपण म्हणायचं आणि हात वर करायचा. वाऱ्यानं आवाज खाल्ला तर हात दिसला पाहिजे. ओळीच्या तोंडाशी मी होते, कारण प्रश्न माझा होता.

मी ओरडले. चमक. माझ्या पुढचीनं म्हटलं, तिच्या पुढच्यानं म्हटलं. आवाज माझ्यापासून निघून गेला. मी हात खाली घेतला, केस मागं सारले, तरी तो जातच होता. कोणी उशिरा म्हटलं, कोणी हसण्यात विसरला, मागच्यानं त्याला "म्हन ना बे!" म्हणून हाक दिली. आंब्याजवळच्या शेवटच्या पोराचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, हा वेगळाच कोणीतरी ओरडतोय.

मग सरांनी मला वावरात बोलावलं. दुसऱ्या वेळी मी सरांजवळून बघितलं. हात एकेक करून वर जात होते, दुकानाकडून आंब्याकडं, आणि मागून खाली येत होते. एवढी सगळी ओळ, पण एकदम चमकणं तिच्या हातातच नव्हतं.

"दिसलं?" सर म्हणाले. "ओळ कितीही शहाणी असू दे. शेवटच्याला कळेपर्यंत पहिल्याचा हात खाली आलेला असतो. लांबरुंद गोष्ट चटकन चमकू शकत नाही. चटकन चमकतो तो दाटीवाटीचा घोळका, निंबाखालचा."

"अन् तिथं हंसात?"

"इथं बातमी तुमच्या कानातोंडाच्या वेगानं जाते. तिथं फार तर उजेडाच्या वेगानं, त्याहून जास्त नाही. तिथली चमक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात बदलते. तेवढ्यात उजेड फार तर काश्मीर ते कन्याकुमारी एवढाच जाईल. सूर्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला त्यालाच चार सेकंदांच्या वर लागतात. म्हणजे बघ, वजन कित्येक सूर्यांचं, आणि जिथून ती चमक येते ती जागा आपल्या देशाएवढी."

माझ्या अंगावर काटा आला. उघड्या वावरात भर दुपारी, मागं बाजाराचा गलका, आणि मला त्या न दिसणाऱ्या गोष्टीची लांबी-रुंदी कळली होती. जिला कोणी हात लावला नाही, जी कोणी बघितली नाही, तिची. केवळ ती किती चटकन लुकलुकते यावरून.

"मग ते कृष्णविवरच ना सर?"

"असावं. पुष्कळांना तसं वाटतं. पण अजून नक्की नाही. आणि नक्की नसताना नक्की म्हणायचं नाही."

हे वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. नंतर तेच माझ्या मागं लागलं.

तिसऱ्या खेपेला सगळ्यांना ऐकायचं होतं, म्हणून ओळीतली काही मुलं वावरात आली आणि मी परत तोंडाशी गेले. हात वर जायला लागले आणि बाजाराकडून जीप आली. जीपमधे फौजदार आणि त्यांच्या बाजूला आमचे हेडसर. गावात जमावबंदी होती. कोणीतरी बाजारातून जाऊन सांगितलं होतं की मेडशीच्या सडकेवर मोर्चा निघाला, शाळेचे पोट्टे आहेत, हात वर करून घोषणा देतात, आणि मास्तर पुढं आहे.

फौजदार उतरले. सर वावरातून सडकेवर आले. ओळ अजून चालूच होती, आंब्याकडची मुलं चमक, चमक करत होती. त्यांना जीप आल्याचं कळलंच नव्हतं.

"थांबवा ते," फौजदार म्हणाले.

"साहेब, आता इकडून थांबवलं तरी तिकडं पोहोचायला वेळ लागेल," सर म्हणाले. ते उद्धटपणे म्हणाले नाहीत. ते खरंच तसं होतं. पण दोन मुलं फिसकन हसली आणि फौजदारांच्या कपाळावर आठी चढली.

"घोषणा कायची आहे?"

"चमक."

"कोनाची?"

"हंसातल्या एका ताऱ्याशेजारच्या वायूची."

फौजदारांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी जमिनीकडं.

"अन् ह्या पोरीले पुढं कोन उभं केलं? पुढारी आहे का हे?"

"प्रश्न तिचा होता," सर म्हणाले.

"प्रश्न!" फौजदारांना तेवढाच एक शब्द कामाचा सापडला. "कोनाले प्रश्न? सरकारले?"

मी म्हटलं, "नाही साहेब, हौदाले." आता लिहिताना हसू येतं. तेव्हा रडू येत होतं.

फौजदार वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना वरून सांगितलेलं होतं की चार माणसं हात वर करताना दिसली की लिहून घ्यायचं, त्यांनी लिहून घेतलं आणि आम्हाला वर्गात पाठवलं. सरांना एक दिवस ठाण्यात बसवलं आणि सोडून दिलं. पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं होतं. पुढचं जे झालं ते शाळेनं केलं.

हेडसरांनी सरांना सांगितलं, "असं लिहून द्या की पोरं तुमच्या परवानगीशिवाय सडकेवर गेली. विषय संपला." मी हे भिंतीपलीकडून ऐकलं. आमचा वर्ग आणि हेडसरांची खोली यांच्यामधे फक्त कुडाची भिंत होती.

"मुलं मी नेली," सर म्हणाले.

"अहो मास्तर, तुमची नोकरी कच्ची आहे."

"हो. पण मुलं मीच नेली."

महिना संपला तशी त्यांना चिठ्ठी मिळाली, यापुढं सेवेची आवश्यकता नाही. शेऱ्यात लिहिलं: विद्यार्थ्यांकडून घोषणा देवविल्या. गणिताच्या सरांकडं विज्ञानही आलं आणि ते आम्हाला अंगठे धरायला लावू लागले.

आता मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. त्याच सडकेवर, त्याच्या आदल्या महिन्यात, कोणी मोठे पाहुणे जाणार म्हणून अख्खी शाळा सकाळपासून उभी केली होती. हातात कागदी झेंडे. जीप दिसली की 'झिंदाबाद' म्हणायचं, एकानं म्हटलं की पुढच्यानं. दोन लहान पोरी उन्हानं घेरी येऊन पडल्या. ती ओळ आमच्या ओळीपेक्षा लांब होती. ती घोषणाच होती. तो जमाव नव्हता का? त्याला कोणी मोर्चा म्हटलं का? आमच्या हातांत झेंडे नव्हते आणि पुढं उभा असलेला मास्तर धनजच्या बौद्धपुऱ्यातला होता, म्हणून तेच हात मोर्चाचे झाले. बाजारात त्या दिवशी काय बोललं गेलं ते मला माहीत आहे. "हे लोक शिकले की हेच करतात." कवायतीच्या सरांनी आम्हाला तसं उभं केलं असतं तर लोक म्हणाले असते, वा, काय शिस्त.

आणीबाणी उठली. तुरुंगातून लोक सुटून आले, त्यांच्या मिरवणुका निघाल्या, हार पडले. मी तोवर कॉलेजात होते आणि आमच्या तरुणांच्या संघटनेत काम करत होते. भोगलेल्या लोकांचे सत्कार करायचं ठरलं. आमच्या संघटनेचे एक मोठे कार्यकर्ते होते, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मी भाऊंना सरांची हकीकत सांगितली. भाऊ उठून उभेच राहिले.

"आणीबाणीत मोर्चा काढणारा शिक्षक! बाई, हे तू आतापर्यंत काहून नाही सांगितलं?"

"भाऊ, मोर्चा नव्हता तो."

"तू चाल तर."

एस.टी.नं आम्ही धनजला गेलो. सर तेव्हा कारंज्याला कापसाच्या एका जिनिंगमधे वजनकाट्यावर काम करत होते, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होते. अंगणात बाज टाकली. सरांच्या मायनं चहा केला. सर आणखी वाळले होते. मला बघून पहिला प्रश्न, "बी.एस्सी.ला गेलीस ना?"

मी बी.ए.ला गेले होते. मी सांगितलं. सर "बरं" म्हणाले आणि दुसरीकडं बघितलं.

भाऊंनी सगळं मांडलं. सत्कार. वर्तमानपत्रात नाव. आणि मुख्य म्हणजे शाळेच्या संस्थेवर आता नवी माणसं आली आहेत, भाऊंच्या ओळखीची. ज्यांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला त्यांना परत घ्यायला ती तयार आहेत. "तुम्ही फक्त एवढं म्हणा सर, की तो मोर्चा होता. निषेधाचा. पुढच्या जूनमधे तुम्ही वर्गात."

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तो मोर्चा नव्हता."

"अहो, त्यांनी तुम्हाले मोर्चा काढला म्हणूनच काढलं ना?"

"हो. ते खोटं होतं."

"मग आता तेच खोटं आपल्या कामी येऊन राह्यलं!"

"ते त्यांनी म्हटलं तेव्हा खोटं होतं आणि मी म्हटलं की खरं होतं, असं कसं, भाऊ? तो पाठ होता."

भाऊ चिडले. "सर, लोक तुरुंगात सडले. तुम्हाले एक शब्द जड झाला?"

"जे सडले त्यांना हार घाला. माझ्याहून त्यांचा मान मोठा आहे. मी काही विरोध केला नव्हता. मी लुकलुक शिकवत होतो."

चुलीजवळून माय बोलली. म्हातारीला सगळं समजत होतं. "अरे, म्हन ना होता मोर्चा. काय जाते तुयं? रोज त्या काट्यावर धूळ खाऊन राह्यला. खोकून खोकून छाती फुटते रात्रभर. एवढं शिकवलं तुले, काट्यासाठी शिकवलं काय?"

सरांनी मायकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. "माय," ते म्हणाले, "ह्या पोरीले मी सांगितलं होतं, नक्की नसताना नक्की म्हनायचं नाही. अन् इथं तर नक्की आहे. तो पाठ होता हे नक्की आहे. आता तिच्याच समोर बदलू?"

मायनं पदरानं डोळे पुसले आणि आमचे कप उचलले. भाऊ एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "असे लोक कामाचे नसतात." त्या दिवसापासून मी भाऊंच्या संघटनेत नाही. पत्रकं काढते, पण माझी मी.

मग मी एकटीच संस्थेच्या नव्या लोकांकडं गेले. म्हटलं, ते मोर्चेवाले नव्हते, म्हणूनच तर अन्याय मोठा आहे. ज्यानं विरोध केला त्याला निदान विरोधाचा मान मिळाला. ज्यानं नुसतं चांगलं शिकवलं त्याला काय? त्यांनी ऐकून घेतलं. त्यांतले एक जरा बरे होते. ते म्हणाले, "शेरा पुसता येईल. पण पोलिसांच्या कागदात मोर्चा आहे, हेडसरांच्या कागदात मोर्चा आहे. पाठ होता असं म्हणणारं कोण आहे?"

"मी आहे."

"तू त्यांच्या बाजूचीच. त्या ओळीतली आणखी मुलं आण. संस्थेच्या समितीसमोर येऊन सांगू दे. मग बघू."

मला वाटलं, झालं. अख्खा वर्ग होता त्या ओळीत.

मी घरोघर फिरले. एक जण तलाठ्याच्या कचेरीत लागला आहे. तो म्हणाला, "मले काई आठवत नाही बाप्पा." निंबाखाली चमक म्हटल्यावर त्यानंच माझ्या पाठीत धपका घातला होता. एकीचं लग्न होऊन ती रिसोडला आहे. ती मला बघून गळ्यात पडली, हौद आठवला, कुटार आठवलं, घासलेटवाला आठवला, आणि मुद्द्यावर आल्यावर म्हणाली, "यांले विचारा लागन वं." त्यांना विचारलं. ते म्हणाले, नको. एकाच्या वडिलांनी मला ओट्यावरूनच परत पाठवलं, "कायले जुनी भानगड उकरतं पोरी? गेला तो मास्तर." घासलेटवाल्याची तर गंमतच. तो म्हणाला, "येतो ना! पण मोर्चा होता म्हनतो. त्याच्यात जास्त मजा आहे."

फक्त किराणावाले काका आपणहून म्हणाले, "मी येतो बेटा. मी समोर बसलो होतो. मोर्चेवाले एवढे हसत नाहीत." मी त्यांना घेऊन गेले. समितीनं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, तुम्ही ओळीत नव्हता, शेठजी.

गेल्या महिन्यात मी परत धनजला जाऊन आले. सर अंगणात बाजेवर पडलेले होते. जिनिंगच्या कापसानं छाती पार धरली आहे. आता काट्यावर जाणं जमत नाही. मी समितीचं सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना दोष देऊ नकोस. ओळ लांब आहे. पोहोचायला वेळ लागतो." आणि मग अचानक, "नवं काही वाचलंस का त्या हंसाबद्दल? ते नक्की झालं का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या सांगते सर."

ते हसले. हसताना खोकला आला आणि माय पाणी घेऊन धावली.

मला दया नको आहे, सरांना तर मुळीच नको. सत्कार नको, हार नको. या माणसाला त्याच्या वर्गात परत उभं करायचं आहे, त्याची छाती त्याला उभं राहू देते तोवर. त्यासाठी एका वाक्याची गरज आहे आणि ते वाक्य खरं आहे.

म्हणून तुला सांगते, वाचणाऱ्याला. तू त्या ओळीत उभा असशील, उभी असशील, तर तुला आठवतं. आठवत नाही असं मला सांगू नकोस, तो हात तुझाच होता. समितीच्या येत्या बैठकीला शाळेत ये, माझ्या शेजारी उभा राहा आणि म्हण: तो मोर्चा नव्हता, तो पाठ होता. तू त्या ओळीत नसशील तर हे ज्याच्या कानावर घालता येईल त्याच्या कानावर घाल, आजच घाल. नियम सरांनी सांगितलेलाच आहे. आधीच्याचं ऐकू आलं की आपण म्हणायचं, आणि हात वर करायचा.

मी म्हटलं. आता तू म्हण.